बाभळीचं जळण

सोमवार, २ डिसेंबर

पोचले एकदाची. कर्जतहून भोरमाळपर्यंत जीपमध्ये अकरा माणसं, दोन शेळ्या आणि माझी पत्र्याची ट्रंक. टपावर गादीची वळकटी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड. जीपवाल्याने विचारलं, बाई, शाळेवर चाललात का तोडीवर? मी म्हटलं, दोन्ही. नगरच्या एका वसतिगृहात बावीस वर्षं ऐंशी मुलींचा स्वयंपाक मी चुलीवर काढला आहे. जिला लाकूड फोडता येत नाही तिला चूल सांभाळता येत नाही, असं माझं मत आहे.

ते वसतिगृह जूनमध्ये बंद पडलं. मग सहा महिने सुप्याला बहिणीकडे काढले. भाचे कारखान्यात पाळीने जातात, सून गुणाची आहे, पण चौपन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसणं मला जमेना. कल्याण सरांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्यांदा विचार केला नाही. सर एका संस्थेचं काम पाहतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुली गावात राहून शिकाव्यात म्हणून संस्थेने चार महिन्यांचं वसतिगृह काढलं आहे. त्याला बाई हवी होती.

जागा गावाबाहेर आहे. झोपायला दोन मोठ्या खोल्या, एक सामानाची खोली, एक माझी, आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. मुली चौतीस. सगळ्यात धाकटी दिशा, पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेले. शाळा सुटली आणि सगळ्या दारातूनच ओरडत आल्या, "बाई, भूक लागली!" मला नावानिशी ओळखत नव्हत्या, पण हाक मात्र बावीस वर्षांची ओळखीची. जिवाला बरं वाटलं.

स्वयंपाकाला गावातल्या रंगुबाई आहेत. साठीच्या आसपास, सडसडीत, हाताला चव. त्यांची एक गंमत पाहिली. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला की त्या बसतात आणि औषध घेतल्यासारखी दीड भाकरी संपवतात. मी म्हटलं, थोडं थांबून माझ्याबरोबर जेवा. तर म्हणाल्या की घड्याळ चुकलं तर माझं जेवायचंच राहतं.

बुधवार, ४ डिसेंबर

गॅसच्या दोन टाक्यांपैकी एक आज संपली. दुसरी शनिवारपर्यंत पुरली तर नशीब. कल्याण सर फोनवर म्हणाले, गाडी पंधरा दिवसांनी येईल, तोवर भागवा. भागवते. त्यात काय.

सकाळी मुली शाळेत गेल्यावर जळण शोधायला निघाले. बांधांवर वेडी बाभूळ आहे, पण ओली, आणि काट्यांनी अंग फाडणारी. गावच्या बाया मोळ्या घेऊन येताना भेटल्या. ओढ्यापलीकडून, तासाभराच्या वाटेने आणतात म्हणाल्या. मला आश्चर्य वाटलं, कारण वसतिगृहाच्या मागे, हाकेच्या अंतरावर, गायरानात गावठी बाभळींची अख्खी राई उभी आहे. बावीस झाडं, सगळी उभीच्या उभी वाळलेली. साल केव्हाच गळून गेली आहे. अंग राखाडी, गुळगुळीत.

कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, एका खोडावर आपटून पाहिला. घंटेसारखा आवाज आला. म्हणजे आतून ठणठणीत. बुडाशी वाकून पाहिलं तर वाळवीचं वारूळ नाही, भुंग्याचं एक भोक नाही. मेलेली बाभूळ दोन पावसाळ्यांत पोखरून जाते. ही किती वर्षं उभी आहेत कोण जाणे. खाली मुंगीसुद्धा फिरत नव्हती.

परत येऊन रंगुबाईंना विचारलं. परातीतला हात तिथेच थांबला. "बाई, त्ये लाकूड नका घिऊ. आमच्यात कुनी घेत न्हाई." का, हे विचारलं तर पीठ मळायला लागल्या. देवाची झाडं आहेत का? नाही. कुणाच्या मालकीची? नाही. मग? त्यांनी परात उचलून पाठ फिरवली.

ग्रामपंचायतीत जाऊन रीतसर विचारून आले. वाळलेली झाडं न्यायला कुणाची हरकत नव्हती. नुसते एकमेकांकडे बघत होते. चौतीस मुलींना कच्च्या भाकरी मी घालणार नाही, एवढं त्यांना सांगितलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

मिरजगावहून अंगद नावाचा, झाडं कापायचं मशीन असलेला माणूस बोलावला. बाहेरगावचा असल्याने त्याला काही वाटलं नाही. सकाळी तीन झाडं आडवी केली. पडताना बाभूळ नेहमी करकरते, फांद्या मोडून काटक्या उडतात. ही पडली ती धप्प करून, पोत्यासारखी. तिसऱ्या झाडाचे ओंडके करताना मशीन किंचाळलं आणि साखळीचे दात उडाले. लाकडात खिळा होता. लोहाराने घडवलेला, चौकोनी, बोटभर लांब. वरून कुठेही दिसत नव्हता, झाडाने गिळून टाकलेला. अंगदने दुसरा ओंडका पाहिला, त्यातही खिळे. तिसऱ्यातही. माझी साखळी खलास करायला बोलावलंत का, म्हणून वैतागला आणि मशीन गुंडाळून निघून गेला.

राहिलेलं मी केलं. लहान करवत, दोन लोखंडी पाचरी, घण आणि माझी कुऱ्हाड. खिळा असेल तिथे पातं नाचतं, मग बाजूची नस धरायची. दुपारपर्यंत हाताला लय सापडली. बाभळीचा गाभा लालसर तपकिरी असतो. हा अगदी काळपट लाल निघाला आणि फोडल्यावर किंचित उबदार लागला. उन्हात पडून असेल. जाड फोडी वेगळ्या, मध्यम वेगळ्या, पेटवणाला ढलप्या. खाली दगड लावून, वाऱ्याकडे तोंड करून भिंतीशी थप्पी रचली. अंग ठणकतंय, पण सहा महिन्यांत इतकी चांगली दमले नव्हते.

संध्याकाळी चूल पेटवली. एका काडीत धरली. धूर जवळजवळ नाही, जाळ निळसर, तवा असा तापला की रंगुबाईंना भाकरी थापायला उसंत मिळेना. चुलीसमोर मी बसले, त्या लांब बसून थापत राहिल्या.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी एकटीनेच प्रार्थना केली. इथे मंडळी नाही, चर्च कर्जतला. नाताळला जाऊन येईन.

मुली नीट जेवायला लागल्या आहेत. पहिले चार दिवस घरच्या आठवणीने ताटात टाकत होत्या. काल कुणी काही टाकलं नाही. आज मोठ्या मुलींनी चार-चार भाकरी खाल्ल्या, दिशाने तीन. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला येत नाही, हे मी नेहमीच सांगत आले.

राख उपसताना खिळे सापडतात. मुलींच्या पायात जाऊ नयेत म्हणून डब्यात टाकते आहे. राखेतून काढल्यावरही बराच वेळ गरम राहतात.

मंगळवार, १० डिसेंबर

आज जे ऐकलं ते नीट लिहून ठेवते.

अकरा वाजता, जेवणाला दोन तास असताना, रंगुबाई पाट्यावर हात ठेवून एकदम थांबल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं छातीत दुखतंय. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या. "बाई, मला भूक लागली वो. भूक लागली मला." आणि मग हसायला लागल्या. टोपलीतली शिळी भाकरी आणि मिरचीचा खर्डा घेतला आणि डोळे मिटून एकेक घास खाल्ला. बावन्न वर्षांनी, म्हणाल्या.

मग सगळं बोलल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या सात वर्षांच्या होत्या. गावात खायला उरलं नव्हतं आणि मुलं रडायची थांबत नव्हती. तेव्हा कुठूनसा एक माणूस आला. त्याने सांगितलं, उपाशीपोटी उगवतीपासून दुपारपर्यंत एक खिळा तोंडात धरा, आणि मग तो गायरानातल्या बाभळीत ठोका. भूक लाकडात जाईल. लोकांनी ठोकले. आईबापांनी स्वतःचे ठोकले, पोरांचे ठोकले. आणि भूक गेली. गावात म्हणे त्या रात्री पहिल्यांदा शांतता होती, लोक हसत होते. पुढे सरकारी धान्य आलं. घराघरात पोती लागली. पण खावं असं कुणाला वाटेना. चूल पेटवायची राहून जाई. महिन्याभरात अकरा माणसं गेली, धान्य उशाशी ठेवून, हसत हसत. त्यात रंगुबाईंचे वडील. आईने त्यांना मारून मारून भरवलं म्हणून त्या वाचल्या. त्याच वर्षी झाडं वाळली. घरात धान्य असताना माणसं मेली याची लाज, म्हणून गाव बोलत नाही.

त्यांचं म्हणणं, त्यांचा खिळा माझ्या चुलीत जळाला.

खिळ्यांनी दुःख लाकडाला ठोकतात ही गोष्ट माझ्या धर्माच्या माणसाला नवी नाही. पण तिथे एकाने सगळ्यांचं आपल्या अंगावर घेतलं. इथे प्रत्येकाने आपापलं झटकून टाकलं. मी रंगुबाईंना म्हटलं, खरं असेल तर चांगलंच झालं, तुमचं तुम्हाला परत मिळालं. एका बाईला तिची भूक परत मिळत असेल तर मी बावीसच्या बावीस झाडं जाळीन.

त्या म्हणाल्या, माझी मला आली. मेलेल्यांची कुणाकडं जाईल?

बुधवार, ११ डिसेंबर

महिन्याचं पीठ संपलं. दहा दिवसांत.

आज सकाळी मुलींनी किती खाल्लं हे मोजायचं सोडून दिलं. रंगुबाई थापत होत्या, मी भाजत होते, तरी टोपलीत भाकरी दिसत नव्हती. जितकं शिजवावं तितकी आणखी लाकडं लागतात. तीन झाडांची थप्पी जवळजवळ सरली. शाळेतून निरोप आला की मुलींनी फळ्याजवळचे खडू खाल्ले.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाई आल्या. तपासलं, जंताच्या गोळ्या दिल्या. वाढत्या अंगाच्या मुली आहेत, खाऊ द्या म्हणाल्या. मग वजनं घेतली आणि जुना कागद दोनदा पाहिला. चौतीसही जणींचं वजन कमी झालं आहे. दिशाचं तीन किलोने. डॉक्टर बाई म्हणाल्या, काटा बिघडलेला दिसतो. जाताना काटा गाडीत टाकून घेऊन गेल्या.

दुपारी उरलेली लाकडं मी चुलीपासून उचलून गायरानात नेऊन टाकली. शेवटची टाकी जोडली. चुकले असेन तर चुकले. पण हात टेकणार नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

गॅसवर शिजवूनही फरक नाही.

आज शाळेला सुट्टी दिली, कारण शाळेनेच नको म्हटलं. दुपारी तीन वाजता सामानाची खोली झाडत होते. आवाज नव्हता. चौतीस मुली घरात असताना आवाज नाही, हे बावीस वर्षांत मी ऐकलेलं नाही. स्वयंपाकघराकडे गेले. सगळ्या दारासमोर रांगेने उभ्या होत्या, लख्ख उन्हात, हातात रिकामी ताटं. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. रडत नव्हतं. तोंडं हलत होती. सगळ्यांची एकाच वेळी. चावत होत्या, आणि तोंडात काही नव्हतं.

वेण्या आखूड झाल्या आहेत. टोकं ओली. भिंतीचा चुना मुलींच्या उंचीपर्यंत गेला आहे. शेजारच्या वस्तीवरची कोंबडी गेली. पिसंसुद्धा सापडली नाहीत.

रंगुबाई म्हणतात, ती धनी नसलेली भूक आहे. जी हाक मारते तिच्याकडं जाते. आणि पोरी दारातूनच ओरडत येतात. मी स्वतः ते कधी म्हटलं नाही. मुलींच्या आधी बाईने भूक लागली म्हणायचं नसतं, म्हणून मला धरलं नाही.

संध्याकाळी दिशा मांडीवर येऊन बसली. माझा हात घेतला आणि तोंडात घातला. चावली नाही. नुसता दातांत धरून ठेवला आणि डोळ्यांतून पाणी. हात काढून घेतला नाही मी. तिला म्हटलं, धर. पण चावायचं नाही. चावली नाही. माझी पोर ती.

शुक्रवार, १३ डिसेंबर

गावातली माणसं फाटकाशी आली. पुढे भागवत, कोंबडी त्याचीच. आमच्या घरात बी लेकरं हायेत, म्हणाला. पोरींना खोलीत कोंडा, बाहेरनं कुलूप लावा, गाडी येईस्तोवर. कल्याण सरांनी फोनवर तेच सांगितलं. मुलींना न्यायला गाडी सोमवारी येईल. घरी सोडणार म्हणे. कुठल्या घरी? सगळ्यांच्या घरांना कुलपं, आईबाप उसाच्या फडात.

मी कुऱ्हाड घेऊन फाटकात उभी राहिले. सांगितलं, या चौतीसही जणींनी चार दिवसांत एकाही माणसाला दात लावलेला नाही. भिंत खाल्ली, केस खाल्ले, पण माणूस नाही. सात वर्षांच्या पोरीला जे जमतं ते तुम्हाला जमत नाही? तुमच्या बापजाद्यांची भूक आहे ही. तुम्ही झाडाला ठोकलीत, माझ्या मुली ती पोटात घेऊन उभ्या आहेत. आता कुलूप कुणाला लावायचं ते तुम्ही सांगा.

भागवतने मान खाली घातली. तासाभराने त्याच्या घरून ज्वारीचं पोतं आलं.

रंगुबाईंनी खिळ्यांचा डबा पुढे केला. पोरींच्या तोंडात द्या, पुन्हा ठोकू, म्हणाल्या. म्हणजे पोरी हसत हसत मरतील. नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

एक करून पाहिलं.

दिशाला समोर घेतलं. भाकरी दिली. म्हटलं, सगळी खा, पण शेवटचा घास मला ठेवायचा. तिने सगळी खाल्ली. घास हातात राहिला. तो तोंडाकडे जायचा, ती परत खाली आणायची. कपाळावर घाम. मी हिसकावून घेतला नाही. तिनेच द्यायला हवा होता. किती वेळ गेला माहीत नाही. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला. "घ्या बाई. लवकर घ्या."

तिचं उष्टं मी खाल्लं आणि मोठ्याने म्हटलं, मला भूक लागली.

आली. पोटात नाही, आधी दातांत येते. मग छातीत. जणू कुणी आतून खरवडून माझं भांडं रिकामं करतंय.

दिशाने जांभई दिली. उरलेल्या भाजीकडे पाहून तोंड वाकडं केलं. पोट भरलं म्हणाली. पाणी प्यायली आणि झोपली.

रविवार, १५ डिसेंबर

सगळ्या झाल्या. चौतीस.

मोठ्या मुलींना जास्त जड गेलं. एकीने घास तीनदा दिला, तीनदा परत घेतला. मग बाकीच्या तिच्याभोवती बसल्या आणि तिचा हात धरून मोठ्याने पाढे म्हणायला लागल्या. एकोणिसाच्या पाढ्याला तिने सोडला. कसल्या वाघिणी. मी उगाच समजत होते की मी यांना सांभाळते.

संध्याकाळी अंगणात लगोरीवरून भांडणं. गोंगाट. ताटात भाजी टाकली म्हणून रंगुबाई ओरडत होत्या. किती गोड.

माझे हात पदरात गुंडाळून ठेवते आहे. दिशा जवळ आली तर तिच्या गालांकडे —

सामानाची खोली रिकामी आहे. दार भक्कम. रंगुबाईंना सांगितलं आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

आत आहे. बाहेरून कुलूप. किल्ली रंगुबाईंकडे. मी मागितली तरी द्यायची नाही, शपथ घातली आहे. दाराजवळ कुणी ते तीन शब्द म्हणायचे नाहीत, हेही.

सकाळी त्या खिडकीतून रडत म्हणाल्या, खिळा तोंडात धरा बाई, मी ठोकते, सुटाल. मी नाही म्हटलं. पुन्हा लाकडात जाईल, पुन्हा कुणी चूल पेटवेल. माणसाची भूक माणसापाशीच संपली पाहिजे. मी हिला कुठे ठोकणार नाही. कुणाला देणार नाही. बघू कोण आधी दमतं.

उरलेली एकोणीस झाडं उभी आहेत. मी नेऊन टाकलेली लाकडंही. त्यांच्यात काय आहे ते गावाने लाज सोडून सांगायला हवं. आणि ते सांगायचं नाही असं ठरवलं, तर ही वही सांगेल.

गाडी आली. कल्याण सर पाहून चक्रावले. मुली धडधाकट, हसतायत. गाडी रिकामी परत.

गादीतला कापूस संपला. ट्रंकेचा पत्रा चावला. दात —

मंगळवार

प्रभू, तुला मागत नाही. आज नाही. तू बघ फक्त.

बाहेर जेवणं चालली आहेत. भाजी कसली, वासावरून — वांगी. कुणी म्हणालं बास. दुसरी म्हणाली बास. ऐकतेस ना, भुके? चौतीस पोरी बास म्हणतायत. हरलीस तू.

कागद बरा लागतो. डिंकाचा भाग गोड.

दुपार?

मागून सुरुवात केली. कोरी पानं. कोरी सगळी संपली. आता लिहिलेली मागतेय. ती नाही. ही वही उरली नाही तर कुणी पुन्हा ती झाडं — एकही लिहिलेलं पान देणार नाही. पुठ्ठा दिला. शाईचा वास येतो म्हणून वही खिडकीबाहेर टाकते, एवढं लिहून. पेन्सिल अर्धी राहिलीय, तीपण —

रंगुबाई, वही उचला. हात आत घालू नका. मी सांगितलं तरी घालू नका. माझा आवाज आला तरी तो